फोरम थिएटर, मेडिकलची पोरं आणि सकाळची गोळी

केसपेपर (धागाकर्ती)

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय) शिकवते. आता नाव कम्युनिटी मेडिसिन झालंय, पण पोरं पीएसएमच म्हणतात आणि मीही.

आमच्या विभागाला नाटक नवं नाही. २४ मार्चचा क्षयरोग दिन आला, की पथनाट्य. १ डिसेंबरचा एड्स दिन आला, की पथनाट्य. एक ढोलकी, एक दारुडा, एक अडाणी सासू आणि शेवटी पांढऱ्या कोटातला डॉक्टर येऊन सगळ्यांना शहाणं करून जातो. लोक टाळ्या वाजवतात, आम्ही बॅनरसोबत फोटो काढतो. कित्येक वर्षं मी हेच बसवत आले. ह्या अख्ख्या खेळात एकच पात्र काही न शिकता घरी जातं, ते म्हणजे पांढरा कोट, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. त्यात ॲटकॉम नावाचा भाग आहे: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. पहिल्याच वर्षात एक धडा आहे, 'रुग्ण असणं म्हणजे काय?' हा धडा पॉवरपॉइंटवर शिकवायचा म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्यासारखं आहे. मग दिल्लीच्या यूसीएमएस ह्या मेडिकल कॉलेजातल्या मेडिकल ह्युमॅनिटीजवाल्यांचं (वैद्यकशिक्षणात कला-साहित्य आणणाऱ्यांचं) काम वाचनात आलं. त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर 'थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड'ची, म्हणजे दबलेल्यांच्या नाटकाची तंत्रं वापरली आहेत. फोरम थिएटर त्यातलंच एक: प्रेक्षकच मधे उठून प्रसंगात शिरतो आणि तो बदलून बघतो. म्हटलं, करून बघू.

पहिली तालीम फसली. पोरांना सांगितलं, रुग्ण उभा करा. त्यांनी काय करावं? डोक्यावर पदर, कमरेत वाक, आणि "डागदरसायेब, लई दुकतंया वं." सगळा वर्ग लोळून हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझी आई अशीच बोलते." त्यानंतर कुणी हसलं नाही आणि तालीमही पुढे गेली नाही.

मग गावातल्या हौशी संघातल्या एक बाई मिळाल्या. राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेल्या, दिवसा बँकेत नोकरी. प्रसंग साधा ठेवला. बाई पंचावन्नच्या, मधुमेह, तीन महिन्यांनी ओपीडीत आल्यात.

"गोळ्या घेत नाही ना वेळेवर?"
"घेते की."
"मग साखर कशी वाढली?"
बाई गप्प.
"भात बंद, गोड बंद. गोळी वाढवून देतोय, सकाळ-संध्याकाळ. कळलं?"
"हो."
"चला, पुढचा."

बस. आता ह्यातली गोम फक्त बाईंना आणि मला माहीत होती. मेटफॉर्मिन ह्या मधुमेहाच्या गोळीनं काहींचं पोट बिघडतं, जुलाब होतात. ही बाई कापूस वेचायला जाते. सकाळी सहाला रानात, आजूबाजूला गडीमाणसं, आडोसा नाही. जायचं कुठं? म्हणून सकाळची गोळी ती घेतच नाही. साखर वाढते, डॉक्टर गोळी वाढवतो, ती आणखी चुकवते. बाईंना अट एकच घातली होती: नीट विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि 'नीट' म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवायचं.

प्रसंग एकदा सलग दाखवला. दुसऱ्यांदा सुरू केला आणि सांगितलं, ज्याला वाटेल त्यानं "थांब" म्हणायचं आणि डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसायचं.

पहिली आली आमची टॉपर. तिनं डोळे, किडनी, पायाची जखम, सगळी कॉम्प्लिकेशन्स सांगितली. शेवटी "पाय कापावा लागेल." बाई म्हणाल्या, "हो."

दुसरा फार गोड. "आजी, काळजी करू नका हं." बाई म्हणाल्या, "बरं." (नंतर चहाला मला म्हणाल्या, "पंचावन्नची बाई आजी कुणाची हो?")

तिसरा तोच, मागच्या बाकावरचा. स्टूल पुढे ओढलं, केसपेपर उलटा ठेवला. विचारलं, "सकाळची गोळी जेवणाआधी घेता का नंतर?"
"सकाळी कुठलं जेवण? अकराला भाकरी सोडतो रानात."

आणि हा गप्प. वर्ग गप्प. मला वाटलं आता कुणीतरी खोकणार. बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाल्या, "त्या गोळीनं पोट राहत नाही. रानात बाईमाणसानं काय करायचं?"

मी त्याला नंतर विचारलं, इतका वेळ थांबायचं तुला कसं सुचलं? म्हणाला, "सुचलं नाही मॅडम. पुढं काय विचारायचं तेच आठवेना."

मग दोघांनी मिळून ठरवलं: गोळी रात्रीच्या जेवणावर, आणि सावकाश विरघळणारी मिळाली तर ती. ती आमच्या फार्मसीत असते का, हा वेगळा धागा होईल.

इथं नाटकवाले आहेत, डॉक्टर आहेत, दवाखान्याचे उंबरे झिजवलेले तर सगळेच आहेत. कुणी असं काही केलंय का? काय चुकतंय?

---

सुपारी_कात्री

वाचतोय. "पुढं काय विचारायचं तेच आठवेना" हे भारी आहे.

---

तालुक्याचा_डॉक्टर

लिहिलंय छान, पण पाहुण्यांच्या काठीनं साप मारल्यासारखं वाटलं. मी ग्रामीण रुग्णालयात सात वर्षं काढलीत. नऊ ते एक ह्या वेळात दीडशे नंबर. त्यात एमएलसी (पोलीस केस), त्यात पोस्टमॉर्टेम, त्यात व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स). स्टूल पुढे ओढायला आधी स्टूल पाहिजे. माझ्या ओपीडीत होतं, त्यावर औषधांची खोकी असायची.

आणि दुसरं. डॉक्टर-रुग्ण भागीदारी म्हणायची आणि रुग्ण दगावला की नातेवाइकांनी काचा फोडायच्या. २०१० ला महाराष्ट्रात हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला, म्हणून हल्ले थांबले का? ह्या भागीदारीत तोटा कुणाच्या वाट्याला येतो, ते एकदा नाटकात घ्या.

---

ओहायोकर

मी गेली सहा वर्षं पैसे घेऊन आजारी पडते! इथल्या मेडिकल स्कूलमध्ये 'स्टँडर्डाइज्ड पेशंट' आहे. कधी पित्ताशयाचा खडा, कधी पॅनिक अटॅक, एकदा तर मुलाला लस द्यायला नकार देणारी आई. कागदावर सगळं लिहून येतं: दुखतं कुठे, कधीपासून, नवरा काय करतो, आणि विचारल्याशिवाय काय सांगायचं नाही. म्हणजे तुमच्या बाईंची अट इथं रोजची. पोटावर हात ठेवला की कुठे "आई गं" करायचं तेही ठरलेलं. (मी पहिल्यांदा खरंच "आई गं" म्हणाले होते. विद्यार्थी बिचारा गोंधळला.)

ह्याची सुरुवात १९६३ ची. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनं एका धडधाकट बाईला मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तपासायला दिली. तेव्हा लोकांनी हसून नावं ठेवली, डॉक्टरकीत कसली नाटकं म्हणून. पुढे ती इतकी रुळली, की अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या परीक्षेत २००४ पासून अशा नट-रुग्णांचा पेपर आला. आपल्याकडची कितीतरी पोरं तेवढ्या एका दिवसासाठी तिकीट काढून यायची. कोविडमध्ये तो थांबला आणि २०२१ मध्ये कायमचा बंद केला.

पण केसपेपर, तुमच्यात आणि आमच्यात एक फरक जाणवला. आमच्याकडे विद्यार्थी खोलीत एकटा असतो आणि मी नंतर चेकलिस्ट भरते: नाव सांगितलं का, हात धुतले का, सहानुभूती दाखवली का. मुलं हुशार असतात. "दॅट मस्ट बी हार्ड फॉर यू" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते म्हणायच्या आधी मुलांचे ओठ कसे हलतात हेही मला कळतं. टिकमार्क मिळतो. तुमच्या बाईंनी त्या गोड मुलाला नुसतं "बरं" म्हटलं, तशी मुभा मला नाही.

---

तिसरी घंटा

प्रायोगिक रंगभूमीवर आयुष्य घालवलेला माणूस आहे, म्हणून थोडं लांबणार.

फोरम थिएटर म्हणजे ऑगुस्तो बोआल. ब्राझीलचा. शिकला केमिकल इंजिनीअरिंग, केलं नाटक. लष्करी राजवटीनं छळ करून देशाबाहेर घालवला. १९७३ मध्ये पेरूत साक्षरतेच्या मोहिमेवर होता. तिथं लोकांनी उपाय सांगायचे आणि नटांनी ते करून दाखवायचे, अशी पद्धत होती. एका बाईनं सांगितलेला उपाय नटीला काही केल्या जमेना. बाई चिडली. शेवटी बोआल म्हणाला, तूच ये वर आणि दाखव. फोरम थिएटरचा जन्म असा सांगतात. आपल्या देशात बंगालमध्ये 'जन संस्कृती' १९८५ पासून हे काम करतेय, गावागावांत.

आता मुद्द्याचं. बोआलचा नियम असा, की प्रेक्षकानं दबलेल्याची जागा घ्यायची, दाबणाऱ्याची नाही. कारण दाबणारा अचानक भला झाला तर प्रश्न सुटतो कुठे? ती जादू झाली. तुम्ही डॉक्टरच्या खुर्चीत माणसं बसवलीत. म्हणजे चांगल्या डॉक्टरची तालीम झाली, ती हवीच. पण बाईंच्या जागी कुणाला बसवलंत का?

आणि त्या पहिल्या तालमीबद्दल. पोरांना दोष देऊ नका. मराठी रंगभूमीनं आणि नंतर टीव्हीनं गावरान बोली वर्षानुवर्षं हशा वसूल करायला वापरली. शहरी पात्राला दुःख आणि गावच्या पात्राला विनोद, ही वाटणी आम्हीच केली. आम्ही ती शिकवली आणि तीच शिकलेली पोरं तुमच्याकडे डॉक्टर व्हायला आली.

---

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स, अकरा वर्षं मेडिसिन वॉर्ड. धागा वाचून हसू पण आलं आणि राग पण.

राउंड होतो. सर, लेक्चरर, रेसिडेंट, इंटर्न, सगळा लवाजमा एका खाटेभोवती दोन मिनिटं. इंग्लिशमधून चर्चा. पेशंट ह्याच्या तोंडाकडे बघतो, त्याच्या तोंडाकडे बघतो. लवाजमा पुढच्या खाटेवर सरकला, की पेशंटचा नातेवाईक माझ्याकडे येतो. "सिस्टर, काय म्हणाले साहेब?" तुमचं ते 'नीट विचारणं' आणि 'नीट सांगणं' आमच्याकडे रोज राउंडनंतर चालतं. फक्त त्याला ॲटकॉम म्हणत नाहीत, त्याला "सिस्टर जरा बघा" म्हणतात.

सकाळच्या गोळीचं कारण त्या बाईनं सिस्टरला किंवा आशाताईला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तुमच्या नाटकात सिस्टर होती का? नर्सिंग कॉलेज तुमच्याच आवारात असेल ना?

---

केसपेपर

@रात्रपाळी: नव्हती. नर्सिंग कॉलेज आवारातच आहे, मधे एक भिंत आणि एक आंब्याचं झाड. सुचलंच नाही, हे लिहिताना लाज वाटतेय.

@तिसरी घंटा: दुसऱ्या फेरीत केलं होतं. लिहायचं टाळलं, कारण ती फेरी पहिलीसारखी गोड संपली नाही. एक मुलगा डॉक्टर झाला, त्याला सांगितलं, मूळ प्रसंगात होता तसाच वाग. बाकीच्यांनी एकेक करून बाईंच्या जागी बसायचं आणि रानातली अडचण डॉक्टरपर्यंत पोचवायची. गोम सगळ्यांना माहीत, भाषा येते, औषधाचं नावसुद्धा येतं. सात जण बसले. एकालाही जमलं नाही. कुणी तोंड उघडलं की डॉक्टर रिपोर्टमधून मान वर न काढता पुढचा प्रश्न. आमची टॉपर मोठ्यानं म्हणाली, "सर, मला काहीतरी सांगायचंय." तर तो म्हणाला, "हो हो, आधी साखरेचं बघू." ती उठली आणि खरंच चिडून जागेवर जाऊन बसली. जो डॉक्टर झाला होता, तो नंतर माझ्या केबिनमध्ये आला. "मॅडम, मी काही ठरवून करत नव्हतो. समोर रिपोर्ट होता, तो वाचत होतो."

@तालुक्याचा_डॉक्टर: दीडशे नंबरांचं उत्तर माझ्याकडे नाही. सरकारकडे असायला हवं. पण वेळेचं एक सांगते. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल ह्यांनी अमेरिकेत ओपीडीतलं बोलणं रेकॉर्ड केलं. रुग्ण सांगायला लागला, की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडायचा. १९९९ मध्ये पुन्हा असंच काम झालं, तेव्हा आकडा २३ सेकंद. पण त्यातली खरी मजेची गोष्ट पुढे आहे. ज्यांना पूर्ण बोलू दिलं, त्यांना तोडलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी सहाच सेकंद जास्त लागले. तिकडचे फॅमिली डॉक्टर, तिकडची गर्दी, मान्य. तरी सहा सेकंद.

---

लॉगबुक

इंटर्न आहे. दुसऱ्या कॉलेजचा, आणि आमच्याकडचं खरं सांगतो. ॲटकॉम म्हणजे शुक्रवारी दुपारी लेक्चर हॉल, दोनशे जण, एक व्हिडिओ, शेवटी लॉगबुकात 'रिफ्लेक्शन' लिहायचं. सगळे एकाचं बघून लिहितात. "या सत्रातून मला सहानुभूतीचे महत्त्व समजले." मी हे वाक्य चार वेळा लिहिलंय आणि चारही वेळा सही मिळालीय.

नाटकाची एकच भीती. आमच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) कळलं तर पुढच्या वर्षी ते कंपल्सरी होईल, अटेंडन्स लागेल, आणि मग लोक "थांब" म्हणायला सुद्धा रोल नंबरप्रमाणे उठतील.

बाकी कॅज्युअल्टीत छत्तीस तास उभं राहिल्यावर मी स्वतः "चला, पुढचा" म्हणालोय. तेव्हा मी दाबणारा होतो का दबलेला, हे तिसरी घंटा काकांनी सांगावं.

---

तिसरी घंटा

दोन्ही. आणि नाटक तिथंच सुरू होतं. तुमच्या त्या छत्तीस तासांवर वेगळा प्रसंग बसवा, समोर अधिष्ठात्यांना बसवा. "थांब" कोण म्हणतं बघू.

---

वैनगंगा

मी गडचिरोलीची. नाटकाचं कळत नाही, पण 'रुग्णाला विचारा' हे आमच्याकडे इमारतीत दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली. पुढे दवाखाना उभारायचा होता, तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारलं, दवाखाना कसा हवा? लोकांना मोठ्या बिल्डिंगची भीती वाटायची, नातेवाईक बाहेर ठेवायचे तेही पटत नव्हतं. म्हणून शोधग्रामात झोपड्यांसारखा दवाखाना झाला, घरची माणसं सोबत राहतात, आणि नाव दिलं देवीचं, माँ दंतेश्वरी. आमचे लोक देवीच्या दवाखान्यात जातो म्हणतात. सिकलसेलवाला (रक्ताचा आनुवंशिक आजार) माझा भाचा तिथं जातो, म्हणून माहीत.

---

तालुक्याचा_डॉक्टर

सहा सेकंदांवर विचार करतोय. पटलं असं नाही, पण काल ओपीडीत एका म्हाताऱ्याला मुद्दाम तोडलं नाही. तो म्हशीवर बोलत राहिला. चांगली चार मिनिटं. माझा विश्वास उडणार तेवढ्यात म्हणाला, म्हैस विकली तेव्हापासून झोप नाही. गुडघ्यासाठी आला होता.

आता बाकीच्या एकशे एकोणपन्नासांना काय सांगू, ते सुचवा.

---

शेवंती

मी ना डॉक्टर ना नाटकवाली. वडिलांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा सही मी केली. चार पानी फॉर्म, इंग्लिश, खाली तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या. "इथं, इथं आणि इथं." मी विचारलं, हे काय आहे? म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे हो." वडील शेजारी बसले होते, शुद्धीत, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना कुणी पेन दिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून मला दिलं. माझ्या डोळ्यांपुढून ते पेन जात नाही.

म्हणून एक विचारते, राग मानू नका. तुमचा प्रसंग तुम्ही लिहिलात, भूमिका बँकेतल्या बाईंनी केली, बघितलं विद्यार्थ्यांनी. ज्यांच्याबद्दल हे सगळं आहे, त्या कापूस वेचणाऱ्या बाईला कुणी दाखवलं का?

---

केसपेपर

@शेवंती: राग कसला. पेनचा प्रसंग वापरायची परवानगी द्याल का? तुमचं किंवा वडिलांचं काही ओळखू येणार नाही असं बदलू, आणि तुम्ही वाचल्याशिवाय बसवणार नाही. व्यनि (खासगी निरोप) करते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्या वेळी नाही. आमच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रावर दुसरा प्रयोग केला, तेव्हा हो. रात्रपाळींच्या धाकानं ह्या वेळी नर्सिंगच्या दोन मुली प्रसंगात होत्या आणि गावातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बारा-पंधरा बायका सतरंजीवर, आशाताईंनी आणलेल्या. मूळ प्रसंग झाला. डॉक्टर म्हणाला "कळलं?", बँकेतल्या बाई म्हणाल्या "हो". मी "आता कुणाला थांबवायचंय" म्हणायच्या आत सतरंजीवरनं आवाज आला.

"अगं हो काय म्हणतीस!"

साधारण माझ्याच वयाच्या बाई. उठून थेट पुढे आल्या, नटीला म्हणाल्या, "सरक." खुर्चीत बसल्या नाहीत, टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टर झालेला मुलगा उठायला लागला. त्याला म्हणाल्या, "तू बस. आन् कागद ठेव खाली." त्यानं ठेवला. मग म्हणाल्या, "ह्या गोळीनं माझं पोट जातं. दुसरी हाय का? नसल तर तसं सांग, मी सांच्याला घेत जाईन. पण वाढवून देऊ नगं."

बायका हसल्या. ह्या वेळचं हसू वेगळं होतं.

मुलानं विचारलं, "तुम्ही हे आमच्या ओपीडीत का सांगत नाही?"

"तिथं तू बसलेला नसतो. तिथं दार असतं, शिपाई असतो, मागनं लाईन ढकलती. आन् तुमी वर बघत न्हाई." मग आमच्या नटीकडे वळून, "ही बाई चांगली करती, पर आमी इतक्या मुकाट नसतो. घरला जाऊन बोलतो की सगळं."

पुढचा प्रसंग त्या सांगणार आहेत. वेचणी संपल्यावर या म्हणाल्यात, त्याआधी वेळ नाही.